‘पैसे भरले, घड्याळ कुठे आहे?’ – ऑनलाइन लिलावात विकणाऱ्यांना येणारे खोटे मेल: ओळख, तपासणी आणि पासवर्ड गेला तर उपाय

गेल्या महिन्यात रात्री सव्वाअकरा वाजता सांगलीहून फोन आला. पलीकडचा मुलगा माझ्यासारखाच जुनी एचएमटी घड्याळं जमवतो, नीट करतो आणि ईबे ह्या लिलावाच्या संकेतस्थळावर परदेशी गिऱ्हाइकांना विकतो. धंद्याचे पहिले धडे त्यानं माझ्याकडे गिरवले, म्हणून मला दादा म्हणतो.

“दादा, माझ्या आयडीवर कुणीतरी लॅपटॉप विकायला लावलेत. एकदोन नाहीत, अडतीस.”

“पासवर्ड कुणाला दिला होतास का?”

“छे. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली होती, त्याला उत्तर दिलं फक्त.”

हे ‘उत्तर दिलं फक्त’ मी आजवर सहासात जणांकडून ऐकलंय. कुणी टपाल तिकिटं विकणारा, कुणी पितळी वस्तू, कुणी सिनेमाची जुनी पोस्टरं. माणसं वेगळी, मेल तोच. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. तुम्ही आत्ताच पासवर्ड देऊन बसला असाल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या ‘पासवर्ड गेला असेल तर’ ह्या भागावर जा. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

लक्षणं

मेलच्या विषयात लिहिलेलं असतं की ईबेच्या एका सदस्यानं तुमच्या वस्तूबद्दल प्रश्न विचारलाय. आत ईबेचा चार रंगांचा लोगो, वस्तूचा क्रमांक, गिऱ्हाइकाचा आयडी, त्याच्या फीडबॅकचा, म्हणजे इतरांनी दिलेल्या शेऱ्यांचा आकडा आणि खाली ‘उत्तर द्या’ असं ठळक बटण. प्रश्न साधा नसतो, बोचरा असतो. सांगलीच्या मुलाला आलेला मजकूर मराठीत सांगायचा तर असा: ‘पैसे भरून नऊ दिवस झाले. मेसेजला उत्तर देत नाहीस. आज कळवलं नाहीस तर ईबेकडे आणि पोलिसांत तक्रार करीन.’

बटण दाबलं की लॉगिनचं पान येतं, हुबेहूब. आयडी-पासवर्ड टाकला की एक तर ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं, नाहीतर खरोखरचं ईबे उघडतं आणि आपल्याला वाटतं, नेट अडखळलं असेल. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण काही बिघडल्याची शंकाच येत नाही. सांगलीच्या मुलालाही आली नाही. त्यानं पासवर्ड दिला सोमवारी आणि लॅपटॉप दिसले गुरुवारी.

ह्याच मेलची भावंडं म्हणजे ‘तुमचं खातं तात्पुरतं बंद केलंय’, ‘तुमचे पैसे अडकलेत, ट्रॅकिंग नंबर द्या’, ‘केवायसी अपुरी आहे’, ‘तुमच्याविरुद्ध परताव्याची मागणी आलीय’. सगळ्यांची चाल एकच: आधी घाबरवायचं, मग स्वतःच्या दारातून आत घ्यायचं.

विक्रेताच गळाला का लागतो

अनोळखी मेलला उत्तर देऊ नका, असं बँक सांगते. नोकरदार माणसाला ते जमतं. आपला मात्र धंदाच अनोळखी माणसाला उत्तर देण्याचा. रोज चारपाच जण विचारतात: डायल मूळची आहे की रंगवलेली? मशीन सतरा ज्वेलचंच ना? काच बदललीय का? उत्तर गेलं नाही तर बोली लागत नाही. नेमका ह्याच सवयीवर गळ टाकलेला असतो, त्यामुळे ‘सावध राहा’ असा मोघम सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. उत्तर तर द्यायचंच आहे. ते कुठून द्यायचं, एवढंच ठरवून घ्यायचंय.

दुसरं कारण शेऱ्याची भीती. २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा देता येत नाही, गिऱ्हाइकाला मात्र विक्रेत्याबद्दल देता येतो. वर्षानुवर्षं सांभाळलेले चांगल्या शेऱ्यांचे शंभर टक्के एका वाईट शेऱ्यानं खाली येतात. त्यामुळे तक्रारीचा सूर दिसला की पोटात गोळा येतो आणि बोट आपोआप बटणाकडे जातं.

तिसरं कारण वेळ, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवात बाझी ह्या भारतीय लिलावाच्या संकेतस्थळावर केली. २००४ मध्ये ईबेनं बाझी विकत घेतलं, पुढे ईबेचं भारतातलं संकेतस्थळ १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झालं, आणि जे टिकले ते ईबेच्या परदेशी बाजारात विकू लागले. तिथली गर्दीची वेळ म्हणजे रविवारची संध्याकाळ. कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा, थंडीच्या दिवसांत साडेसात. लिलाव संपायला आलेला, डोळ्यांवर झोप, हातात मोबाइल, आणि त्या छोट्या पडद्यावर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, मेलचा पत्ता दिसत नाही. सांगलीच्या मुलानं पासवर्ड दिला तो सोमवारी सकाळी सातच्या आधी.

आणि चोराला हवं काय असतं? तुमच्या खात्यात पडलेले पाचपन्नास डॉलर मिळाले तर तो घेईलच, पण त्याच्या लेखी खरी किंमत तुमच्या नावाची. आठशे गिऱ्हाइकांनी चांगलं म्हटलेल्या आयडीवर महागडे लॅपटॉप, कॅमेरे किंवा गाडी स्वस्तात लावायची, फोटोच्या आतच ‘बोली लावण्याआधी ह्या पत्त्यावर मेल करा’ असं लिहायचं, आणि जो मेल करेल त्याच्याकडून ईबेच्या बाहेर पैसे उकळायचे. फसलेला माणूस पुढे शिव्या घालतो त्या तुम्हाला. तुमच्याकडे विकायला फक्त दोन घड्याळं असली तरी म्हणूनच तुम्ही त्याच्या कामाचे आहात.

पहिली तपासणी, आणि बहुतेक वेळा एवढीच पुरते

मेल बंद करा. ईबेचं ॲप उघडा, किंवा ब्राउझरमध्ये ईबेचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा. आतली मेसेजपेटी बघा. गिऱ्हाइकानं खरंच प्रश्न विचारला असेल तर तो तिथे असणारच, कारण ईबे जो मेल पाठवतं तो त्या मेसेजची निव्वळ सूचना असते. पेटीत नाही म्हणजे प्रश्नच नाही. तक्रार, परतावा किंवा खात्यावरचं बंधन असेल तर तेही तुमच्या खात्यात दिसतं. ह्या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो.

मेल खरा दिसतो की खोटा, ह्यावर वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी म्हणायचे की इंग्रजी मोडकंतोडकं असेल तर मेल खोटा. आता सफाईदार इंग्रजी कुणालाही फुकट लिहून मिळतं, आणि उलट माझी खरी इटालियन आणि जपानी गिऱ्हाइकं मोडक्या इंग्रजीतच लिहितात. त्या निकषावर गेलो तर खरं गिऱ्हाईक हाकललं जाईल आणि चोराशी गप्पा होतील.

‘मेलमध्ये माझं पूर्ण नाव होतं, म्हणून विश्वास ठेवला’ हेही खूपदा ऐकतो. ईबेनंच मे २०१४ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या ग्राहकांची नावं, मेलचे पत्ते, घरचे पत्ते, फोन नंबर, जन्मतारखा आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड असलेली माहिती चोरीला गेली. तेव्हा सुमारे साडेचौदा कोटी ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. खातं त्याआधी उघडलेलं असेल तर तुमचं नाव आणि मेल ह्यांची जोडी कुठे कुठे फिरत असेल, सांगता येत नाही. वस्तूचा क्रमांक आणि फोटो तर उघड्या लिस्टिंगवरून, म्हणजे वस्तूच्या विक्रीच्या पानावरून, कुणीही उचलतो. तरी क्रमांक जुळवून बघाच. सांगलीच्या मेलमधला बारा आकडी क्रमांक उघडला तर तो कुणा दुसऱ्याच विक्रेत्याच्या शिवणयंत्राचा निघाला. घाऊक पाठवलेल्या मेलमध्ये एवढी काळजी कोण घेतो!

पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा असेल तर नावावर बोट टेकवून उघडा. जीमेलनं २००८ मध्ये ईबे आणि ऑनलाइन पैसे पोचवणारी कंपनी पेपल ह्यांच्याबरोबर व्यवस्था केली, की त्यांच्या नावानं येणाऱ्या मेलवर त्यांची डिजिटल सही नसेल तर तो मेल पोचवायचाच नाही. तेव्हापासून भामट्यांनी ईबेचा अस्सल पत्ता वापरणं अवघड झालं, मग ते नाव ‘ईबे’ ठेवतात आणि पत्ता भलताच असतो. मात्र पत्ता बरोबर दिसला म्हणून मेलमधलं बटण दाबू नका. दुसऱ्या कंपन्यांच्या टपालपेट्या इतकी कडक तपासणी करतीलच असं नाही.

लिंकचा पत्ता उजवीकडून वाचा

कधी कधी लिंक उघडली जातेच. लॉगिनचं पान समोर आलं की हात थांबवा आणि वरच्या पट्टीतला पत्ता वाचा. सुरुवातीची ‘एचटीटीपीएस’नंतरची जोड तिरकी रेघ सोडा. त्यापुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे वाचत या.

‘साइनइन.ईबे.कॉम/’ असं असेल तर रेघेच्या लगेच डावीकडे ‘ईबे.कॉम’ आहे, ठीक. ‘साइनइन.ईबे.कॉम.सदस्य-मदत.इन्फो/’ असं असेल तर रेघेच्या डावीकडे ‘सदस्य-मदत.इन्फो’ आहे. हा त्या भामट्याचा पत्ता. त्याआधीचं ‘ईबे.कॉम’ त्यानं हवं म्हणून चिकटवलंय, आणि तसं करायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

माझ्या आईला हे समजावताना पाकिटावरचा पत्ता आठवला. शनिवार पेठ पुण्यात आहे, साताऱ्यात आहे, कराडातही आहे. पाकीट कुठे जाणार ते पेठेवरून कळत नाही, सगळ्यात खाली लिहिलेल्या गावावरून कळतं. वेबपत्त्यात ते गाव म्हणजे रेघेआधीचे शेवटचे दोन तुकडे. इंग्लंडचं किंवा ऑस्ट्रेलियाचं ईबे असेल तर तीन, कारण तिथे शेवटी देशाचा तुकडा वेगळा असतो. आईला एका झटक्यात समजलं. तिचं ईबेवर खातं नाही, पण बँकेच्या नावानं येणारे मेसेज ती आता असेच वाचते.

मोबाइलवर अडचण अशी की ब्राउझर लांब पत्ता कापून दाखवतो. पट्टीवर टिचकी मारून पूर्ण पत्ता बघा. इंग्रजी लिपीतली ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं जवळजवळ आली की लांबून ‘एम’ दिसतो, ‘ओ’च्या जागी शून्य बसतं, ‘एल’च्या जागी एक. चष्मा लावून वाचा. आणि पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमच्यात आणि त्या संकेतस्थळात मधे कुणी ऐकत नाही. संकेतस्थळ चोराचं असेल तर चोराशी तुमचं बोलणं सुरक्षितपणे चाललंय. ते कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला लागणारं प्रमाणपत्र आता कुणालाही फुकट मिळतं.

आणखी एक. ईबेवरूनच निघालात म्हणून पुढचं पान ईबेचंच असेल असं गृहीत धरू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोनच्या काही लिस्टिंगमध्ये लपवलेल्या कोडमुळे लोक खऱ्या ईबेवरून थेट खोट्या लॉगिन पानावर पोचत होते. त्यानंतर ईबेनं लिस्टिंगमधला असा चालता कोड बंद करत आणला. तरी सवय हीच ठेवा: पासवर्ड मागणारं पान दिसलं की आधी पत्ता, मग पासवर्ड.

डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर

सकाळी साडेसहाला हे सगळं वाचायचं भान राहील ह्याची खात्री मलाही नाही. म्हणून मी काम पासवर्ड मॅनेजरवर सोपवलंय. ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये साठवलेला पासवर्ड ज्या पत्त्यासाठी साठवलाय त्याच पत्त्यावर भरला जातो. खोट्या पानावर तो चूप बसतो. त्यामुळे रोज आपोआप भरला जाणारा रकाना एके दिवशी रिकामा दिसला, तर ‘आज काय झालं याला’ म्हणून हातानं टाइप करू नका. ती धोक्याची सूचना आहे. सांगलीच्या मुलाच्या फोननंही तेव्हा रकाना रिकामाच ठेवला होता. त्यानं पासवर्ड आठवून टाइप केला.

दोन टप्प्यांची पडताळणी लावाच, पण ती लावली म्हणजे झालं असं समजू नका. हल्लीचं खोटं पान मधल्या दलालासारखं काम करतं: तुम्ही टाकलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या ईबेला देतं, ईबे तुम्हाला ओटीपी पाठवतं, तुम्ही तोही त्या पानावर टाकता, आणि पलीकडचा माणूस आत शिरतो. ह्यावर सगळ्यात पक्का उपाय पासकी. ईबेवर ती सोय आहे. फोनचं बोट किंवा चेहरा वापरून लॉगिन होतं आणि ती किल्ली खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानाला द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही.

मेसेजपेटीत असूनही खोटा

पहिली तपासणी पुरते असं म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. चोरलेल्या आयडीवरून भामटा ईबेच्या आतूनही लिहू शकतो, मग मेसेज पेटीत दिसतोच. तेव्हा बघायचं की तो तुम्हाला बाहेर नेतोय का.

नवीन विक्रेत्याला बहुतेक वेळा असा येतो: पहिली वस्तू लावून तास झाला नाही तोच मेसेज, ‘वस्तू अजून आहे का?’ अहो, लिलाव चालू आहे, म्हणजे वस्तू आहेच. घड्याळ खरंच हवं असलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही, तो डायलचा जवळून काढलेला फोटो मागतो. पुढे तो म्हणतो, ‘पैसे भरतोय, तुमचा मेल किंवा व्हॉट्सॲप नंबर द्या.’ नंबर मजकुरात लिहिला तर ईबेची यंत्रणा अडवते, म्हणून तो नंबर फोटोत लिहून पाठवतो. मेसेजमध्ये असा फोटो दिसला की माझा संवाद तिथेच संपतो.

तुम्ही मेल दिलात की ईबेच्या नावानं एक मेल येतो: पैसे आलेत, पण तुमचं खातं घरगुती आहे, ते व्यावसायिक करायला गिऱ्हाइकानं तीनशे डॉलर जास्त भरलेत, ते त्याला परत करा म्हणजे सगळी रक्कम मोकळी होईल. परत कशात करायचे, तर गिफ्ट कार्डात. पैसे आलेलेच नसतात.

जुन्या विक्रेत्यांना हाच मेल पेपलच्या नावानं आठवत असेल. पेपल २००२ ते २०१५ ईबेच्या मालकीचं होतं, तेव्हा तो खराही वाटायचा. आता गिऱ्हाईक पैसे ईबेला देतं आणि भारतातल्या विक्रेत्याला ते पेओनियर ह्या पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत मिळतात. ईबेवर ‘पैसे आले’ म्हणजे त्या विक्रीसमोर तुमच्या खात्यात ‘पैसे मिळाले, पाठवा’ असं दिसणं. बाकी कुठेही कितीही छान छापलेलं दिसलं, तरी पार्सल बांधायला घ्यायचं नाही.

जुन्या वस्तूंच्या देशी ॲपांवरही विकत असाल तर तिथला प्रकार वेगळ्या कपड्यात हाच. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.’ यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही लागत नाही.

पासवर्ड गेला असेल तर

सांगलीच्या मुलानं लॅपटॉप दिसल्यावर ईबेचा पासवर्ड लगेच बदलला होता. पंधरा मिनिटांत पुन्हा बाहेर. पुन्हा बदलला, पुन्हा बाहेर. मला फोन केला तो तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर. कारणं दोन होती आणि दोन्ही त्याच्या मेलबॉक्समध्ये.

एक, मेलचा आणि ईबेचा पासवर्ड सारखाच. चोर मेलमध्येही बसला होता, आणि ‘पासवर्ड विसरलो’ची लिंक मेलवरच येते. दोन, मेलमध्ये एक फिल्टर लावून ठेवलेला होता: ज्या मेलमध्ये ‘ईबे’ शब्द असेल तो इनबॉक्समध्ये न दाखवता थेट कचऱ्यात टाक. म्हणून सोमवार ते गुरुवार अडतीस लिस्टिंगच्या सूचना येऊनही त्याला एक दिसली नाही. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर दिसत नाहीत, ते बघायला संगणकावर जीमेल उघडावं लागतं. त्यानं शेजारच्यांना उठवून लॅपटॉप आणला.

तेव्हा क्रम असा धरा. आधी मेलबॉक्स: नवा पासवर्ड, बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे पत्ते तपासायचे, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि दुसरा मेल आपलाच आहे ना ते बघायचं, दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. मेल ताब्यात आल्याशिवाय ईबेला हात लावला तर वेळ वाया जातो.

मग ईबे. पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आणि वैयक्तिक माहितीच्या पानावर मेल, फोन, पत्ता ओळीनं वाचा. पैसे कुठल्या खात्यात जाणार ते बघा आणि पेओनियरमध्ये स्वतंत्रपणे जाऊन तिथलाही पासवर्ड बदला. आत जाताच येत नसेल तर ईबेच्या मदत विभागात खातं चोरीला गेल्याची नोंद करा. मदत विभागाचा फोन नंबर गूगलवर शोधू नका. तिथे वर दिसणारे नंबर बऱ्याचदा अशाच भामट्यांचे असतात आणि घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा लुटला जातो.

आत पोचलात की परक्या लिस्टिंग संपवा. कुणी बोली लावली असेल तर ती रद्द करून त्या प्रत्येकाला ईबेच्या मेसेजमधूनच कळवा की खातं चोरीला गेलं होतं, बाहेर कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आम्ही रात्री दीड वाजता असे अकरा मेसेज लिहिले. एक अमेरिकन बाई दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत पैसे पाठवायला जाणार होती. तिनं उत्तरात आभार मानले आणि भामट्यानं दिलेला मेलचा पत्ताही पाठवला. तो तक्रारीत लावता आला.

पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि ‘सायबरक्राइम.गव्ह.इन’ वर तक्रार नोंदवा. बँकेलाही त्याच तासात लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकानं स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तुमचा प्रत्येक उशिराचा तास तुमच्या खिशातून जातो. पैसे गेले नसतील, नुसतं खातं वापरलं गेलं असेल तरी तक्रार करा. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली आणि संगणकावरून तोतयेगिरी करून फसवणं ६६डी खाली गुन्हा आहे, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. उद्या तुमच्या आयडीवरून फसलेल्या कुणी तक्रार केली तर तुमची आधीची नोंद तुमच्या बाजूनं उभी राहते.

खोटा मेल रागानं पुसून टाकू नका. तो ‘स्पूफ’ ह्या नावाच्या ईबेच्या पत्त्यावर, म्हणजे ‘स्पूफ ॲट ईबे डॉट कॉम’ला जसाच्या तसा फॉरवर्ड करा, आणि मग बाजूला जपून ठेवा. स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण मेल कुठून आला ते मूळ मेलच्या आतल्या ओळींत असतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तोच मेल ‘रिपोर्ट ॲट फिशिंग डॉट गव्ह डॉट यूके’लाही पाठवावा, आणि एसएमएस असेल तर ७७२६ वर. तो नंबर अमेरिकेतही चालतो.

त्या रात्री सगळं आवरायला पावणेतीन झाले. कचऱ्यातले ईबेचे मेल परत इनबॉक्समध्ये आणताना एक खरा प्रश्न सापडला, बुधवारचा, हॉलंडमधल्या गिऱ्हाइकाचा. काळ्या डायलच्या एचएमटी पायलटबद्दल: काच मूळची आहे की बदललेली? मेसेजपेटीतही तो होता, न वाचलेला. मुलानं झोपायच्या आधी ॲपमधून उत्तर लिहिलं की काच नवी आहे, जुनीला तडा होता, डायल मात्र मूळची, आणि उशिराबद्दल माफी मागितली. शुक्रवारी संध्याकाळी बोली आली.